एक तार, चार तारा

बी. ए. द्वितीय वर्ष

मराठीत दोन वाक्प्रचार असे आहेत, की ते वर्गात कोणी उच्चारले की माझी मान आपोआप वर होते. एक 'गोंधळ घालणे' आणि दुसरा 'तेच ते तुणतुणे वाजवणे'. पहिला बहुतेक प्रत्येक तासाला ऐकू येतो, दुसरा परीक्षा जवळ आली म्हणजे. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते हे मला कळते. पण आमच्या घरी गोंधळ घालणे हा पिढीजात व्यवसाय आहे, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून मी जे वाजवीत आलो ते तुणतुणेच. तेव्हा 'गोंधळ घालू नका' असे प्राध्यापकांनी दरडावले, की मग आमच्या घरची चूल कशी पेटायची, असा एक विचार माझ्या मनात येऊन जातो. आमच्या वर्गावर येणारे प्राध्यापक हे वाचून रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आमचे गाव तुळजापूर तालुक्यात. घरात लग्न झाले की देवीचा गोंधळ घालायचा ही या भागातली चाल. पाटावर नवे वस्त्र अंथरून त्यावर धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, वर उसाची किंवा ज्वारीच्या ताटांची खोपी करतात. दिवटी पेटली की माझे चुलते तात्या संबळ कमरेला बांधतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगात झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ घालून उभे राहतात आणि गावोगावच्या देवांना नावे घेऊन बोलावतात. त्यांच्या मागे जरा डावीकडे तुणतुणेवाला. संचातल्या सर्वांत धाकट्या गड्याकडे हे काम येते. मी धाकटा होतो तोवर ते माझ्याकडे होते. आता धाकट्या भावाकडे गेले आहे.

ज्यांनी तुणतुणे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचे एक पोकळ नळकांडे, तळाला कातडे मढवलेले. बाहेरच्या अंगाने एक काठी ठोकलेली आणि काठीच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध अडकवलेली एक पोलादी तार पोकळीतून वर निघून त्या खुंटीला ताणलेली. नळकांडे काखेत धरायचे आणि लाकडाच्या लहानशा तुकड्याने तार छेडीत राहायचे. पडदे नाहीत, सरगम नाही, बोट कुठे दाबायचे नाही. रात्रभर एकच स्वर. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराचे आणि शिरांचे वाद्य केले आणि ते रेणुकामातेपुढे वाजवले, अशी कथा आमच्यात सांगतात. लहानपणी मला त्या कथेची भीती वाटे, आणि वाद्य काखेत धरताना मी ते अंगापासून जरा दूरच ठेवी.

तुणतुणे वाजवण्यात कला आहे असे त्या वेळी मला कोणी सांगितले नव्हते. अवघड एवढेच होते की झोप यायची. कथा लागली, आख्यान रंगले, की मंडळी हसायची, रडायची. मला मात्र ते सारे पाठ असे. एकदा मी उभ्या उभ्या पेंगत होतो. अण्णांनी गाता गाता मागे पाहिले आणि आख्यानाच्या दोन कडव्यांच्या मध्ये हळूच म्हणाले, "तू झोप की. हात झोपू देऊ नगंस." मी खरोखरच झोपलो आणि हात चालू राहिला असे तात्या अजून सांगतात. त्यात थोडी भर असावी.

बारावी झाली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या अर्जात विषयांची यादी होती. मी मराठी, इतिहास आणि संगीत यांवर खुणा केल्या. घरी त्यावर तीन मते पडली. तात्या म्हणाले, पोलीस भरतीची तयारी कर, उंची भरतीय तुझी. आईने एवढेच विचारले की वसतिगृहात दोन वेळा जेवण भेटतंय का. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाणं शिकायला कालिजात कशाला जायलास? ते तर घरी हाय." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला पेटी शिकायची होती, हे खरे कारण होते. भजनात पेटीवाल्याला बसायला सतरंजी मिळते, पहिला चहा त्याला मिळतो, आणि त्याच्या बोटांकडे लोक पाहतात. तुणतुणेवाल्याकडे कोणी पाहत नाही.

आमच्या संगीत विभागाची खोली आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरूनच पाहिली असेल. दोन पेट्या, तबल्याच्या जोड्या, आणि कोपऱ्यात गवसणीत घातलेले दोन तंबोरे. एक मोठा, पुरुषांच्या पट्टीचा, आणि एक लहान, मुलींच्या पट्टीचा. सरांनी पहिल्याच तासाला मोठा तंबोरा गवसणीतून काढला आणि सांगितले, की पेटीला हात लावायला अजून अवकाश आहे, आधी हा. आमच्यापैकी दोघांची तोंडे तेथेच उतरली. सर एकेक अवयवाचे नाव सांगू लागले. खाली भोपळा, त्यावर तबली, तबलीवर घोडी, वर लांब दांडी, चार खुंट्या आणि चार तारा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी पितळेची, खर्जाची. ज्या रागात पंचम नाही, उदाहरणार्थ मालकंस, त्या रागाला पहिली तार मध्यमाला लावतात. चारही तारा मोकळ्याच छेडायच्या.

"मग सर, यात वाजवायचं काय?" एकाने विचारले.

"काही नाही. तंबोरा वाजवत नाहीत, लावतात."

माझ्या तोंडून निघून गेले, "म्हणजे चार तारांचं तुणतुणंच की."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, तुणतुणे कोण वाजवते? मी सांगितले. ते म्हणाले, "मग तुझं निम्मं काम झालंय. राहिलेलं निम्मं तुला इतरांपेक्षा जड जाईल."

ते जड कसे गेले हे सांगण्यासारखे आहे. तुणतुणे हे स्वराचे वाद्य आहे तसे लयीचेही आहे. संबळाच्या चालीवर ते चालते. संबळ धावला की तेही धावते. माझ्या उजव्या मनगटात ही चाल अकरा वर्षे मुरलेली. तंबोऱ्याला ताल नसतो. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने जोडाच्या दोन आणि खर्ज, असे एकामागून एक, सारख्या अंतराने, कोणत्याही गाण्याची लय न पकडता जायचे. वर विलंबित चालो की द्रुत, तंबोऱ्याने आपली चाल सोडायची नाही. शिवाय तार मारायची नाही. बोटाच्या मांसल भागाने तिला नुसता स्पर्श करून सोडून द्यायचे. मी बसलो की दोन मिनिटांत तंबोरा संबळाच्या चालीवर जाई, आणि सर डोळे मिटलेले असतानाच म्हणत, "आला गोंधळ." माझ्या बाजूची मुलगी, जिने आयुष्यात कोणतेच वाद्य हाती धरले नव्हते, ती आठवड्याभरात सुरळीत छेडू लागली. मला दिवाळी आली.

आणि छेडणे हा सोपा भाग. लावणे त्याच्या पुढचे. आधी जोडाच्या दोन तारा गायकाच्या षड्जाला मिळवायच्या. दोन्ही अगदी जवळ आल्या की आवाजात लाट उठते, वाँव-वाँव-वाँव अशी. खुंटी जसजशी नेमक्या जागी येते तसतशी ती लाट लांबत जाते आणि शेवटी थांबते. दोन तारा आहेत हे तेव्हा ऐकूच येत नाही. मग खर्ज, मग पंचम. खुंटीने जेवढे जमेल तेवढे झाले की घोडीखालचे मणी. मणी तसूभर सरकवला की स्वर केसभर हलतो. हे झाल्यावर जवारी: घोडीच्या पाठीवर, तारेच्या खाली, सुताचा दोरा सरकवीत न्यायचा. एका जागी तो आला की कोरडी तार एकाएकी बोलू लागते, जणू आतल्या आत मधमाश्या उठल्या. दोरा तिथून रेसभर पुढे गेला की पुन्हा मुकी. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, मोजपट्टीने सापडत नाही. सप्टेंबरच्या पावसाळी हवेत सकाळी लावलेला तंबोरा दुपारी उतरलेला असे. पुन्हा पहिल्यापासून.

डिसेंबरात एका सकाळी सरांनी तंबोरा लावला, माझ्या हाती दिला आणि विचारले, "किती स्वर ऐकू येतात?" मी म्हणालो, दोन, सा आणि प. "अजून ऐक." दहा मिनिटे गेली असतील. बाहेर सायकल स्टँडवर कोणी भांडत होते. आणि मग खर्जाच्या तारेमागून, तार छेडल्यावर क्षणभराने, एक तिसराच स्वर वर आला. कोणी तो छेडलेला नव्हता. मी सरांकडे पाहिले. ते म्हणाले, "गांधार. स्वयंभू आहे तो."

मला त्या वेळी अंगावर काटा आला हे लिहायला संकोच वाटतो, पण आला.

पुढे सरांनी त्याचे गणित फळ्यावर मांडले. तार एका स्वरात कंप पावते तेव्हा ती त्याच वेळी दुपटीने, तिपटीने, चौपटीने, पाचपटीनेही कंप पावत असते. खर्ज सेकंदाला ७० कंपनांचा धरला तर पाचपट ३५०, आणि तोच वरच्या सप्तकातला गांधार. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली नोबेल मिळाले ते प्रकाशावरील कामासाठी, हे आपण शाळेत पाठ केले. त्याच रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर एक निबंध लिहिला होता. तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा युरोपातला जुना नियम. आपल्या रुंद, किंचित बाकदार घोडीवर तार घासत राहते, आणि नियमाने ज्यांनी गप्प बसावे ते उपस्वरही बोलतात, हे त्यांनी दाखवले. सुताच्या दोऱ्याची ती रेसभर जागा म्हणजे हेच सारे.

आता पेटी. वर्गातल्या पेटीवर षड्ज ७० च्या हिशेबात धरला तर तिचा गांधार ३५० वर नसून जवळजवळ ३५३ वर येतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तीन कंपनांचा फरक. सरांनी तंबोरा छेडीत ठेवला आणि पेटीचा गांधार दाबला. सेकंदाला तीन लाटा मोजता आल्या. एकदा हे ऐकल्यावर आमच्या गावच्या भजनातली पेटी मला पूर्वीसारखी ऐकू येईना. श्रुतींचा हा वाद आपल्याकडे फार जुना. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या या खटाटोपाला अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती. १९४० साली तर आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले, आणि ते तीसएक वर्षे बंद राहिले. मला मात्र वाटते की हा निर्णय करणाऱ्यांनी आमच्या भागातल्या एखाद्या सप्ताहाला येऊन बसायला हवे होते. चाळीस गळे चाळीस दिशांना चाललेले असताना त्यांना एका वाटेवर धरून ठेवायला पेटीच लागते. तेथे तीन कंपने कोण मोजतो?

सप्ताहावरून आठवले. हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्याचे पाय धरतो आणि घरी जातो. सात दिवस ती अखंड कोणाच्या तरी गळ्यात असते. गोरोबाकाकांच्या तेरला मी हे पाहिले आहे, आमच्या गावातही पाहिले आहे. विणेकरी काही मोठा वादक नसतो. शेतातून येऊन हातपाय धुऊन उभा राहिलेला कोणीही असतो. म्हणजे ज्या गावात संगीताचा शिक्षक नाही त्या गावातही एकच स्वर धरून उभी राहणारी दोन वाद्ये आधीपासून होती, वीणा आणि तुणतुणे. पहिल्याच्या पाया पडतात. दुसऱ्यावरून वाक्प्रचार झाला. याचे कारण भाषा शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांनी कधी तरी शोधावे.

वसतिगृहात तंबोरा नेता येत नाही आणि स्वतःचा घेणे शक्य नाही. नव्या तंबोऱ्याची किंमत मी एकदा विचारली आणि पुढे काही विचारले नाही. पहाटे पाचला रियाझाला बसतो तेव्हा मोबाइलवरचा तंबोरा लावतो. तो सोयीचा आहे. उतरत नाही, पावसाला भीत नाही, पट्टी सांगावी ती देतो. पण तो नेहमीच लागलेला असतो, आणि त्यामुळे त्याच्यापासून मला काही शिकता आलेले नाही. जेवणाचा डबा आयता येतो तसा तो स्वर येतो. खोलीतले सोबती मात्र त्यालाही वैतागले आहेत. 'तेच ते' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, तिसरा शब्द त्यांनी माझ्यासमोर टाळला.

पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा ऐन लग्नसराईत आली. आमची वर्षाची कमाई त्याच दोन महिन्यांत होते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची लोहारा तालुक्यातली सुपारी अण्णांनी महिनाभर आधी घेतलेली, आणि चार दिवस राहिले असताना धाकट्या भावाला ताप भरला. फोन आईचा आला. अण्णांनी स्वतः फोन केला नाही, ये म्हटले नाही. तुणतुण्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही, आणि बाहेरचा गडी आणला की त्याला वाटा द्यावा लागतो. मी एसटीने गेलो.

त्या रात्री काही तरी वेगळे झाले. म्हणजे झाले नेहमीचेच, मी ते पहिल्यांदा पाहिले. सुरुवातीला अण्णांनी तुणतुणे माझ्या हातून घेतले, एक आलाप घेतला आणि खुंटी पिळून तार त्या आवाजाला आणून ठेवली. पेटीची पट्टी नाही, काळी-पांढरी नाही, आजचा गळा. बाराच्या सुमारास त्यांनी मागे न बघता डावा हात कमरेजवळ खाली केला. लहानपणी या खुणेचा अर्थ मला एवढाच माहीत होता की खुंटी थोडी सैल करायची. दोन वाजता पुन्हा हात खाली आला. मी खुंटी सैल करीत होतो आणि ऐकत होतो. त्यांचा गळा दमत होता, आणि तो ताणला जायच्या आधीच ते स्वर खाली घेत होते, एवढ्या बेताने की समोर बसलेल्या शे-दीडशे माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात येऊ नये. पहाटे आरतीपर्यंत आम्ही जवळजवळ दोन पट्ट्या खाली आलो होतो. आठव्या वर्षापासून मी ही खुंटी पिळत आलो होतो. तंबोरा शिकलो नसतो तर अजून नुसती पिळत राहिलो असतो.

आरतीनंतर अण्णांनी विचारले, "परीक्षेत काय वाजवायचंय?" मी म्हणालो, तंबोरा लावायचा आहे आणि एक राग गायचा आहे. "लावायचा कुणाच्या गळ्याला?" असे ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता झगा पिशवीत भरू लागले.

सकाळच्या गाडीने तुळजापूर, तेथून धाराशिव. साडेनऊला मी परीक्षेच्या खोलीबाहेर होतो, डोळे लाल, अंगाला दिवटीच्या तेलाचा वास. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चारही खुंट्या फिरवून तंबोरा पार उतरवला आणि माझ्यापुढे ठेवला. वर्षभर मी काळी एक पट्टीत गायलो होतो. मी हळूच षड्ज घेऊन पाहिला. गळा रात्रीतून बसलेला. मग मी तार तेथेच, त्या बसलेल्या गळ्याला मिळवली.

परीक्षकांनी कान दिला. "पट्टी कोणती ही? काळी एक नाही."

"पांढरी एकच्या जरा खाली आहे सर. आज गळा इथं आहे."

ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पुढे ओढलेली पेटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "गा." मी भूप गायलो. गुण बरे पडले. फार नाहीत, कारण ताना मला येत नाहीत. सरांनी नंतर एवढेच सांगितले, की परीक्षकांनी चौकशी केली, हा मुलगा कोणाकडे शिकला.

तिसऱ्या वर्षी मी संगीत ठेवणार आहे. याने पुढे पोट भरेल की नाही हे मला माहीत नाही. शाळांतल्या संगीत शिक्षकांच्या जागांची काय अवस्था आहे ते आपण सारे जाणतोच. अण्णांना सांगितले आहे. तात्यांना अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी गेला की धाकटा त्यांना मोठ्याने वाचून दाखवीलच.

यंदा दिवाळीनंतर मोठ्या तंबोऱ्याची जवारी गेली. दोरा कुठेही ठेवला तरी तार खरखरू लागली. वर्षानुवर्षे तारा घासून घोडीत चरे पडले होते. सर मिरजेला निघाले तेव्हा तंबोरा धरायला मला बरोबर नेले. कुर्डुवाडीवरून पंढरपूर आणि पुढे मिरज असा आगगाडीचा रस्ता. या मार्गावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी धावे आणि ती १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली, हे सरांनी वाटेत सांगितले. पंढरपूर मागे पडल्यावर ते खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, तंबोऱ्याचे भोपळे याच भागात पिकतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे. खायचा भोपळा नव्हे, कडू. वेलीवर पूर्ण जून होऊ देतात, मग वाळवतात. मी तंबोरा दोन्ही गुडघ्यांत धरून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारले, "देवाची वीणा हाय का?" मी हो म्हणालो.

मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची आळीच आहे. या घराण्यांचे मूळ पुरुष शिकलगार, म्हणजे हत्यारे घडवणारे आणि पाजळणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा फरीदसाहेबांनी ते हात तंबोऱ्या-सतारींकडे वळवले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले आणि १९३७ साली गेल्यावर याच गावच्या दर्ग्यात त्यांना पुरले. आम्ही गेलो तेथे एक वयस्क कारागीर मांडी घालून बसले होते. भोवती तुनाच्या लाकडाचा भुसा, भिंतीला रांगेने टांगलेले भोपळे. त्यांनी आमची घोडी उजेडाकडे तोंड करून पाहिली आणि कानशीने घासायला घेतली. दोन हात घासायचे, तार चढवायची, छेडायची, उतरवायची, पुन्हा घासायचे. हे दुपारपर्यंत चालले. मोजमापाचे एकही साधन त्यांनी हाती घेतले नाही.

निघताना मी त्यांना तुणतुण्यासाठी तार मागितली. आमच्याकडे बाजारात मिळेल ती तार बसवतात आणि ती दर दोन-तीन सुपाऱ्यांना तुटते. ते हसतील असे मला वाटले. त्यांनी विचारले, काठी किती लांब आहे, कातडे बकऱ्याचे की कशाचे, गाणारा कोण, गळा उंच की खालचा. मी सांगत गेलो. मग त्यांनी दोन वेटोळी बोटांत घेऊन पाहिली, एक परत ठेवले आणि दुसऱ्यातली तीन हात तार तोडून कागदात गुंडाळून दिली.

घरी अण्णांनी ती दोन बोटांत ओढून पाहिली. "लई बारीक हाय," म्हणाले. तरी जुनी काढून ती बसवली, खुंटी पिळली आणि कान लावला. दोनदा छेडली. तिसऱ्यांदा छेडून आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबले. धाकट्याला हाक मारून तुणतुणे त्याच्या काखेत दिले आणि लाकडाचा तुकडा जपून मारायला सांगितले. संक्रांतीनंतरच्या तीन सुपाऱ्या त्या तारेवर झाल्या. उरलेला हातभर तुकडा अण्णांनी गुंडाळून तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे.